इंग्रजी वाक्य क्रियापदापासून उभं करा, शब्दजाती नंतर

नागपुरातल्या नंदनवनच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. सकाळपासून काय केलं ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा, एवढंच सांगतो. त्याआधी शब्दांच्या जाती विचारल्या तर अर्धा वर्ग आठही जाती व्याख्येसकट धडाधड म्हणून दाखवतो. मग वह्या समोर येतात आणि पहिलंच वाक्य असतं, ‘आय मॉर्निंग सिक्स ओक्लॉक वोक अप.’ नाउन पाठ, ॲडव्हर्ब पाठ. वाक्य मात्र मराठीच, शब्द तेवढे बदललेले.

मीही याच वाटेने गेलोय. नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात पहिली नोकरी होती. एक ट्रक उशिरा निघाला आणि वरच्या ऑफिसला इंग्रजीत लिहून कळवायचं होतं, की मॅनेजरला मी आधीच सांगितलं होतं. ‘मॅनेजरला मी कळवलं’ हे डोक्यात धरून शब्दाला शब्द लावत गेलो आणि लिहिलं, ‘मॅनेजर इन्फॉर्म्ड मी.’ झालं उलटंच. मॅनेजरनेच मला सांगितलं होतं आणि मी गप्प बसलो, असा त्याचा अर्थ निघाला. लेखी खुलासा मलाच द्यावा लागला. गंमत म्हणजे त्या वाक्यात स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

चूक होती ती जागेची. मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटून कोणी कोणाला ते सांगतात, म्हणून शब्द कुठेही ठेवले तरी चालतं. ‘वाघाने हरणाला मारलं’ म्हणा की ‘हरणाला वाघाने मारलं’ म्हणा, मेलं ते हरीणच. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द डिअर’ मधल्या दोघांच्या जागा बदलून बघा. पेंचच्या जंगलात हरणाने वाघ मारला! आपल्याकडे जे काम प्रत्यय करतो ते तिकडे जागा करते. म्हणून आधी जागा शिकायच्या, जातींची नावं त्यानंतर.

तयारी

एक दोनशे पानी वही, दोन रंगांची पेनं आणि शब्दाची जात दाखवणारी डिक्शनरी घ्या. मोबाइलवरची चालेल. भाषांतर करून देणारं ॲप मात्र पाचवी पायरी संपेपर्यंत उघडू नका. ते तुम्हाला उत्तर देईल, पण तुमचं कुठे चुकलं ते सांगणार नाही.

वहीच्या डाव्या पानावर स्वतःच्या दिवसाची दहा मराठी वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य आयुष्यात कोणी कोणाला बोललेलं नाही. ‘काल बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीला) दोन शर्ट घेतले’, ‘गाडी पंक्चर झाली’, ‘बाबा अजून आले नाहीत’ असली वाक्यं घ्या. उजवं पान इंग्रजीसाठी.

या लेखात इंग्रजी उदाहरणं मुद्दाम नागरीत दिली आहेत, म्हणजे स्पेलिंगमध्ये डोळे न अडकता रचना दिसेल. वहीत ती रोमन लिपीतच लिहायची. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. माझा वाडीचा घोटाळा अर्धा तिथूनच आला होता.

पायरी १: क्रियापद शोधा

प्रत्येक वाक्यात सर्वांत आधी व्हर्ब शोधायचं आणि त्याखाली लाल रेघ मारायची. ‘क्रिया दाखवणारा शब्द’ ही व्याख्या इथे उपयोगी पडत नाही. ‘वर्क’ हा शब्द क्रियाच दाखवतो, पण ‘द वर्क इज हार्ड’ मध्ये तो क्रियापद नाही. त्याऐवजी काळाची चाचणी लावा. वाक्य आजचं असेल तर कालचं करा. जो शब्द बदलतो तो व्हर्ब.

‘माय ब्रदर वर्क्स इन बुटीबोरी’ कालचं केलं की ‘वर्क्ड’ होतं, म्हणजे इथे ‘वर्क्स’ हे क्रियापद. ‘द वर्क इज हार्ड’ कालचं केलं तर ‘द वर्क वॉज हार्ड’. ‘वर्क’ जागचा हलला नाही, हलला तो ‘इज’.

इथे दोन ठिकाणी लोक पडतात. पहिलं, मराठीत क्रियापद गाळता येतं. ‘हा माझा भाऊ’, ‘किंमत किती?’, ‘सर्व्हर डाउन’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘ही माय ब्रदर’ हे वाक्यच नाही. ‘ही इज माय ब्रदर’ म्हणावंच लागतं.

दुसरं नागपूरकरांचं खास आहे. क्रियापद दोन-तीन शब्दांचं असू शकतं, हे आपल्याला पुण्याकडच्यांपेक्षा लवकर कळायला हवं. ते ‘करतोय’ म्हणतात, त्यात मदतीचं क्रियापद विरघळून जातं. आपण ‘करून राहिलो’ म्हणतो, दोन्ही तुकडे वेगळे दिसतात. ‘मी जेवून राहिलो’ म्हणजे ‘आय ॲम ईटिंग’. मुख्य एक, मदतनीस एक. रेघ दोघांखालीही मारायची.

सावधान: आपण ‘राहिलो’ कशालाही लावतो. ‘समजून राहिलं’, ‘आवडून राहिलं’, ‘दिसून राहिलं’. इंग्रजीत मनाची स्थिती आणि मालकी दाखवणारी क्रियापदं सहसा ‘इंग’ घेत नाहीत. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ नको, ‘आय अंडरस्टँड’ म्हणा. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ नको, ‘आय हॅव टू सिस्टर्स’ म्हणा. जेवण चालू असेल तेव्हा मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे मालकी नाही, खाणं आहे.

तपासणी: दहाही वाक्यांत लाल रेघ आहे का? एकातही नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: कर्ता क्रियापदाच्या आधी बसवा

आता लाल रेघेला विचारा: कोण? किंवा काय? उत्तर येईल तो सब्जेक्ट. साध्या विधानात त्याची जागा क्रियापदाच्या आधी. या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा, माझ्या वर्गातल्या निम्म्या चुका इथल्याच असतात.

मराठीत कर्ता लपतो. ‘जेवलो’ म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ‘एट’ एवढंच लिहिलं तर कोण जेवलं कळत नाही, ‘आय एट’ लिहावं लागतं. कर्ता नसेल तर इंग्रजी खोटा कर्ता उभा करते, पण जागा रिकामी ठेवत नाही. ‘पाऊस पडून राहिला’ याचं ‘इट इज रेनिंग’ होतं. ‘टेबलावर पावती आहे’ याचं ‘देअर इज अ रिसीट ऑन द टेबल’. यातल्या ‘इट’ला आणि ‘देअर’ला काही अर्थ नाही, ते जागा धरून बसलेत. पॅसेंजर गाडीत रुमाल टाकतो ना आपण, तसे.

मग येतो ‘मला’, इकडच्या बोलीत ‘मले’. मला भूक लागली, मला संत्री आवडतात, मला दोन बहिणी आहेत, मला पोहता येतं, मला माहीत आहे, मला जायचं आहे. मराठीत ही सगळी ‘मला’ची वाक्यं, इंग्रजीत मात्र सगळी ‘आय’ची: आय ॲम हंग्री, आय लाइक ऑरेंजेस, आय हॅव टू सिस्टर्स, आय कॅन स्विम, आय नो, आय वॉन्ट टू गो. ज्याला अनुभव येतो तो इंग्रजीत बहुतेक वेळा कर्ता होतो.

सावधान: ‘त्याने मला मारलं’ यातला ‘मला’ वेगळा. तिथे मार खरोखर मला बसला, कर्ता तो आहे. ‘ही हिट मी.’ प्रत्येक ‘मला’चं डोळे मिटून ‘आय’ करू नका. आधी विचारा, करणारा दुसरा कोणी आहे का?

कर्ता एका शब्दाचाच असतो असं नाही. ‘द पोहा सेलर निअर द बस स्टॉप ओपन्स ॲट सिक्स’ यात ‘ओपन्स’च्या आधीचा अख्खा पट्टा कर्ता आहे. ओळखायचा कसा? त्या पट्ट्याच्या जागी ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा ‘दे’ ठेवून बघा. ‘ही ओपन्स ॲट सिक्स.’ वाक्य उभं राहिलं, म्हणजे पट्टा बरोबर सापडला.

आता एक संत्र्याची पेटी घेऊ, कळमन्याच्या मार्केटमधली. ‘द बॉक्स ऑफ ऑरेंजेस’ याच्यापुढे ‘इज हेवी’ की ‘आर हेवी’? वर्गात निम्मे हात ‘आर’ला वर होतात. मराठीत ही चूक कोणी करत नाही, कारण ‘संत्र्यांची पेटी जड आहे’ यात मुख्य शब्द ‘पेटी’ शेवटी येतो, क्रियापदाच्या जवळ. इंग्रजीत तोच आधी येतो आणि क्रियापदाला खेटून ‘ऑरेंजेस’ बसतात. कान फसतो. जड काय? पेटी. पेट्या किती? एक. म्हणून ‘इज’.

मराठीत ‘रमेशने पेटी उचलली’, ‘रमेशने दोन पेट्या उचलल्या’ असं क्रियापद पेटीप्रमाणे बदलतं. ही सवय घरी ठेवून या. इंग्रजी क्रियापद फक्त कर्त्याचं ऐकतं.

आदरार्थी बहुवचनाचंही तेच. ‘बाबा आले’, ‘सर शिकवतात’ असं आपण म्हणतो, म्हणून ‘माय फादर आर वॉचमन’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत बाबा एकच आहेत, ‘माय फादर इज अ वॉचमन’. आदर दाखवायचा तर सूर नम्र ठेवा, ‘आर’ने काही होत नाही. आणि खुर्ची ती, पंखा तो, हेही विसरा. निर्जीव वस्तूला ‘इट’.

तपासणी: आजच्या सवयीबद्दलच्या वाक्यात कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ पैकी असेल तर क्रियापदाला शेवटी ‘स’ किंवा ‘झ’चा आवाज आहे का? नामाला ‘स’ लागला की अनेक होतात, क्रियापदाला लागला की कर्ता एक असतो. ‘द बॉय रन्स’, ‘द बॉइज रन’. सहसा दोघांपैकी एकालाच ‘स’ मिळतो.

पायरी ३: क्रियापदानंतर काय येतं ते ठरवा

क्रियापदापाशी तीन वाटा फुटतात. कधी पुढे काहीच लागत नाही: ‘द बेबी स्लेप्ट.’ कधी ऑब्जेक्ट लागतो, म्हणजे कर्म. कधी कॉम्प्लिमेंट लागतो, म्हणजे कर्त्याबद्दलची पूरक माहिती. शेवटच्या दोघांत गोंधळ होतो, म्हणून ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा:

‘शी इज अ नर्स.’
‘शी कॉल्ड अ नर्स.’

पहिल्यात ती आणि नर्स एकच बाई. दुसऱ्यात बाया दोन. क्रियापदाच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकच असेल तर कॉम्प्लिमेंट, वेगळं असेल तर ऑब्जेक्ट. ही चाचणी माझ्या वर्गात शाळकरी पोरापासून स्पर्धा परीक्षेवाल्यापर्यंत सगळ्यांना एका झटक्यात समजते. व्याख्येने अर्धा तास जातो.

ऑब्जेक्ट क्रियापदाला चिकटून ठेवायचा, मध्ये कोणाला शिरू द्यायचं नाही. ‘आय लाइक व्हेरी मच पोहा’ नको, ‘आय लाइक पोहा व्हेरी मच’.

दोन ऑब्जेक्ट असतील तर? ‘त्याने मला पावती दिली.’ माणूस आधी घ्या, तर ‘टू’ नको: ‘ही गेव्ह मी अ रिसीट.’ वस्तू आधी घ्या, तर ‘टू’ हवा: ‘ही गेव्ह अ रिसीट टू मी.’ ‘ही गेव्ह टू मी अ रिसीट’ ही तिसरी जात आपणच काढलेली आहे.

सावधान: मराठीतल्या ‘ला’चा ‘टू’ आणि ‘बद्दल’चा ‘अबाउट’ आपोआप होत नाही. आस्क हिम, टेल हिम, रीच नागपूर, डिस्कस द प्रॉब्लेम. या चौघांना मध्ये दलाल चालत नाही. ‘रीच्ड टू नागपूर’ आणि ‘डिस्कस अबाउट’ इंटरव्ह्यूत रोज ऐकू येतात. उलट ‘से’ आणि ‘एक्सप्लेन’ यांना माणसापर्यंत जायला ‘टू’ लागतोच: ‘एक्सप्लेन इट टू मी.’

पायरी ४: कसं, कुठे, केव्हा

चौकट उभी झाली. आता क्रियाविशेषणाचे तुकडे लावा. मराठीत आपण बाहेरून आत येतो: काल संध्याकाळी, बर्डीवर, मग शर्ट, मग घेतले. इंग्रजी आतून बाहेर जाते. ‘आय बॉट टू शर्ट्स इन सीताबर्डी येस्टरडे इव्हनिंग.’ आधी चौकट, मग कसं, मग कुठे, शेवटी केव्हा. जोर द्यायचा असेल तर ‘येस्टरडे इव्हनिंग’ अगदी सुरुवातीला जाऊ शकतं. पण कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध नाही. ‘आय मॉर्निंग सिक्स ओक्लॉक वोक अप’ नेमकं तिथेच फसलं होतं.

मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे लागतं, इंग्रजीत प्रिपोझिशन पुढे. ‘टेबलावर’ म्हणजे ‘ऑन द टेबल’. हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते तारखांत. वर्षाला आणि महिन्याला ‘इन’, दिवसाला आणि तारखेला ‘ऑन’, घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’. एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर ऑन १४ ऑक्टोबर १९५६.’ याच वाक्यातली तारीख काढून फक्त वर्ष ठेवलं तर ‘इन १९५६’ होईल. शहराला ‘इन’, नेमक्या ठिकाणाला ‘ॲट’, म्हणून ‘ॲट दीक्षाभूमी’.

‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ आले की यातलं काहीच नको. ‘ऑन लास्ट संडे’ नाही, नुसतं ‘लास्ट संडे’.

‘पासून’ हा शब्द फार त्रास देतो. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ मराठीत सारखेच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स मंडे’, किती वेळ ते सांगायचं तर ‘फॉर टू डेज’. मोजता येणारा काळ असेल तर ‘फॉर’. रजेच्या अर्जातलं ‘सिन्स टू डेज’ मी अजूनही आठवड्यातून दोनदा तरी खोडतो.

पायरी ५: आता जाती ओळखा

इथवर आलात की शब्दजाती सोप्या होतात. शब्दाला जन्मतः जात नसते, वाक्यात त्याला जे काम मिळतं ती त्याची जात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की नागपुरातल्या प्रत्येक घरात जे घरघरतं तेच उदाहरण घेऊ:

‘द कूलर कूल्स द रूम.’
‘द किचन इज कूलर दॅन द हॉल.’

पहिल्या वाक्यात ‘कूलर’ नाम आहे, त्याच्या आधी ‘द’ आहे आणि त्याचं ‘कूलर्स’ होऊ शकतं. दुसऱ्यातला ‘कूलर’ विशेषण, किचन हॉलपेक्षा थंड आहे. ‘कूल्स’ला काळाची चाचणी लावा, ‘कूल्ड’ होतं, म्हणजे क्रियापद. एकाच खोलीत तीन जाती, आणि त्या पाठांतराने ओळखता आल्या नसत्या.

नाम आणि अ, ॲन, द. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते गळतं. मोजता येणारं एकवचनी नाम उघडं सोडायचं नाही: अ, द, माय, धिस यांपैकी काहीतरी पुढे हवं. शाळेच्या पुस्तकात यांना विशेषणांत घालतात, नवं व्याकरण डिटर्मिनर नावाची वेगळी जात मानतं. परीक्षेत आठ म्हटलं तर आठ लिहा, भांडू नका.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला आपल्याकडे फुकटचं हत्यार आहे, ते म्हणजे नागरी लिपी. शब्द उच्चाराप्रमाणे नागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर (तास), ऑनेस्ट, एसटी बस, एफआयआर: सगळीकडे ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन रुपी कॉइन: सगळीकडे ‘अ’. रोमन स्पेलिंग बघत बसलात तर फसाल. फक्त ‘यम. ए.’ आणि ‘यस. टी.’ म्हणणाऱ्या जुन्या मंडळींच्या उच्चारावरून ठरवू नका.

फर्निचर, लगेज, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस यांना ‘स’ नको आणि ‘अ’ही नको. ‘न्यूज’ला शेवटी ‘ज’ असला तरी ती एकवचनी: ‘द न्यूज इज गुड.’

विशेषण आणि क्रियाविशेषण. विशेषण नामाबद्दल सांगतं, क्रियाविशेषण बहुतेक वेळा क्रियेबद्दल. ‘अ केअरफुल ड्रायव्हर’, ‘ही ड्राइव्ह्स केअरफुली’. शेवटी ‘ली’ आला म्हणजे क्रियाविशेषण, हा नियम अर्धवट आहे. ‘फ्रेंडली’ विशेषण आहे. ‘हार्डली’ म्हणजे मेहनतीने नाही, जेमतेम. ‘आय वर्क हार्डली’ असं इंटरव्ह्यूत सांगाल तर कामचोर ठराल. चव, रूप, वास सांगणाऱ्या क्रियापदांनंतर विशेषण येतं: ‘द तर्री टेस्ट्स गुड.’ तर्री आणि ‘गुड’ एकच, पायरी ३ची चाचणी आठवा.

जोडणारे शब्द. मराठीत जोड्या असतात: जरी–तरी, जर–तर, कारण–म्हणून. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एक खिळा पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ यात दोन खिळे ठोकलेत. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा.

उद्गारवाचक शब्दांसाठी वेळ घालवू नका. ‘बाप्पा!’ कुठे म्हणायचं हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही, ‘ओह’चंही तसंच.

पायरी ६: नकार आणि प्रश्न

आपण शेवटी ‘नाही’ किंवा ‘का’ लावून मोकळे होतो. इंग्रजीत आधी बघायचं, मदतनीस क्रियापद आहे का? असेल तर नकारात त्याच्यामागे ‘नॉट’ लावा, प्रश्नात त्याला कर्त्याच्या पुढे आणा. ‘ही इज कमिंग’, ‘ही इज नॉट कमिंग’, ‘इज ही कमिंग?’ एकटं ‘इज’ किंवा ‘वॉज’ असेल तरी हेच. यांच्याखेरीज दुसरं कुठलं क्रियापद एकटं असेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ला मदतीला बोलवा.

आणि बोलावल्यावर काळाचं ओझं त्याच्याच डोक्यावर द्या. ‘डिड’ने भूतकाळ उचलला की मुख्य क्रियापद मोकळं, मूळ रूपात. ‘डिड नॉट वेन्ट’ म्हणजे एकच पोतं दोन हमालांच्या डोक्यावर. ‘डिड नॉट गो’ म्हणा. ‘डझ’ आला की ‘स’ही त्याच्याकडे गेला: ‘डझ शी वर्क?’

सावधान: प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ नको, ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. कर्ता परत क्रियापदाच्या आधी.

पायरी ७: फेऱ्यांनी तपासा

सगळं एकदम तपासायला गेलात की काहीच दिसत नाही. दर फेरीत एकच गोष्ट. या महिन्यात एका मुलीने लिहिलेला उतारा तिच्या परवानगीने देतो:

‘टुडे मॉर्निंग आय टू द बँक वेन्ट. देअर मच रश. माय फादर आर ऑल्सो विथ मी. क्लर्क टोल्ड टू अस सर्व्हर डाउन. वी डिड नॉट गॉट द मनी.’

पहिली फेरी, लाल रेघ. दुसऱ्या वाक्यात क्रियापद नाही. चौथ्यात ‘टोल्ड’ आहे, पण सर्व्हरला स्वतःचं क्रियापद नाही. पाचव्यात ओझं दोघांच्या डोक्यावर.

दुसरी फेरी, कर्ता. ‘गर्दी होती’ याला कर्ता हवा, ‘इट’ बसवला. बाबा एकच, आणि गोष्ट सकाळची, म्हणून ‘आर’चं ‘वॉज’.

तिसरी फेरी, क्रियापदानंतरचं. ‘टोल्ड’नंतरचा ‘टू’ उडाला.

चौथी फेरी, कुठे आणि केव्हा. बँक क्रियापदानंतर गेली, सकाळ तिच्याही नंतर. ‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ होत नाही, ‘धिस मॉर्निंग’ होतं.

पाचवी फेरी, उघडी नामं. ‘क्लर्क’ आणि ‘सर्व्हर’ दोन्ही उघडे होते.

‘आय वेन्ट टू द बँक धिस मॉर्निंग. इट वॉज व्हेरी क्राउडेड. माय फादर वॉज ऑल्सो विथ मी. द क्लर्क टोल्ड अस दॅट द सर्व्हर वॉज डाउन. वी डिड नॉट गेट द मनी.’

यातल्या चार फेऱ्या तिने स्वतः केल्या, पंचवीस मिनिटांत. पाचवीत ‘क्लर्क’च्या पुढे तिने ‘अ’ घातला आणि विचारलं, ‘सर, काउंटरवर तर एकच बसला होता, मग द का नाही?’ दोन्ही चालतं म्हटलं. तिने ‘अ’ खोडून ‘द’ केला.